किराणाच्या वहीपासून मार्टच्या बिलापर्यंत

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आम्ही भिंगारच्या आणि नागरदेवळ्याच्या बचत गटांतल्या अकरा जणींनी मिळून एक टेम्पो ठरवला आणि नगरच्या एका मोठ्या मार्टमध्ये दिवाळीचं वाणसामान भरायला गेलो. (आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) जायच्या आधी बैठकीत याद्या केल्या होत्या. मैदा, साखर, रवा, डालडा, तेल, खोबरं. प्रत्येकीने १५०० रुपयांच्या आत थांबायचं असं ठरलं होतं. म्हणजे सगळ्यांचे मिळून १६५००.

दारात पिशव्यांना प्लास्टिकची पट्टी बांधली, आत गार हवा, आणि अडीच तासांनी बाहेर आलो तेव्हा अकरा बिलांची बेरीज २३८७० झाली होती. यादीतलं सगळं आलं होतंच, शिवाय दोन चादरी, एक पोछा, चार बाटल्यांवर एक फुकट असा साबण, आणि आमच्यातल्या एकीने डब्यांचा सेट घेतला होता. हा डब्यांचा सेट पुढे बैठकीत फार गाजला. कारण त्या ताईंनी आठच दिवसांपूर्वी मुलीच्या क्लासच्या फीसाठी गटातून ३००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं, आणि त्यातले १२५० मार्टच्या काउंटरवर गेले.

बैठकीत आवाज चढले. कोणी म्हणालं, त्यांना दंड लावा. कोणी म्हणालं, आपण सगळ्याच चुकलो, एकटीला कशाला? एक आजी शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते दुकानच तसं बांधलेलं आहे." आम्ही त्या वाक्यापाशी थांबलो. दुकान कसं बांधलेलं आहे, कोणी बांधलं, आणि त्याच्या आधी आपल्या आया-आज्या कुठून माल घ्यायच्या, हे शोधायचं ठरवलं. आजचं भाषण म्हणजे त्या शोधातून हाती आलेलं आहे.

आधी भिंगारचंच बघू. आपल्याकडे छावणी आली की बाजार आला, हे जुनं आहे. औरंगजेबाचे शेवटचे दिवस इथल्याच छावणीत गेले, १७०७ साली तो इथेच वारला. १८०३ मध्ये इंग्रजांनी भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे कॅम्प वसला. एवढी फौज म्हणजे धान्य, तेल, कापड, घोड्यांचा दाणा, सगळंच आलं. आजही रणगाड्यांच्या प्रशिक्षणाचं मोठं केंद्र आपल्या शेजारी आहे. म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणींना सवलतीचं दुकान मार्टमुळे कळलं नाही, ते कळलं मिलिटरीच्या कॅन्टीनमुळे. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये सैन्याचा कॅन्टीन स्टोअर्स विभाग सुरू झाला. सरकार करात सवलत देतं, त्यामुळे साबण, चहापत्ती, कुकर तिथे बाहेरपेक्षा कमी भावात मिळतात. पण कार्ड लागतं. ज्या घरातला माणूस फौजेत, त्या घराला कार्ड. बाकीच्यांनी शेजारणीला गोड बोलायचं! आमच्या लहानपणी कॅन्टीनचा साबण घरात आला की तो पाहुण्यांसाठी ठेवला जायचा.

कार्ड नसलेल्यांसाठी काय होतं? किराणा दुकान आणि त्याची वही. या वहीचा इतिहास आपल्या जिल्ह्यात साधा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली. (हे सुपे पारनेरचं नव्हे, पुणे जिल्ह्यातलं.) तिथून हा उठाव आपल्या जिल्ह्यात पसरला, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांत. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लोकांनी माणसं मारण्यावर भर दिला नाही. त्यांनी कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. जिथे कागद मुकाट्याने मिळाला तिथे बहुतेक ठिकाणी पुढे काही झालं नाही. कारण मीठ-मिरची देणारा, बियाणं देणारा, सारा भरायला पैसे देणारा आणि पीक विकत घेणारा एकच माणूस होता. भाव त्याचा, माप त्याचं, व्याज त्याचं आणि लिहिणाराही तोच. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा करायचा. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

त्या वहीवर बाईचं नाव नसायचंच. माल मात्र तीच आणायची किंवा पोराला पाठवायची. "मांडून ठेवा" हे शब्द आपण सगळ्यांनी म्हटले आहेत. आणि एक गोष्ट बोलली पाहिजे. दुकानाच्या फळीच्या आत जाण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. काही समाजाच्या बायांना लांब उभं राहावं लागे, पैसे खाली ठेवावे लागत, माल वरून टाकला जाई. आमच्या गटातल्या सत्तरीतल्या एका मावशींनी हे सोसलेलं आहे. मार्टमध्ये त्या अर्धा तास नुसत्या डाळीची पाकिटं हातात घेऊन परत ठेवत होत्या. "कोण काय म्हणत नाही," एवढंच म्हणाल्या. तेव्हा मार्टने आम्हाला लुटलं असं बोलताना आम्ही जरा जपून बोलतो.

आता दुसरी वाट. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात काही विणकरांनी थोडेथोडे पैसे साठवून स्वतःचं दुकान काढलं. त्या काळी पिठात भेसळ होत होती, मापात पाप होतं. त्यांनी सुरुवातीला लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल ठेवला. उधार नाही, भेसळ नाही, आणि नफा उरला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. ऐकायला आपल्या गटासारखंच वाटतं ना? थोडे थोडे पैसे आणि चोख हिशोब.

महाराष्ट्रात सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, आणि आठवायलाच हवा, कारण प्रवरानगरचा कारखाना आपल्याच जिल्ह्यातला. पण ग्राहकांचाही सहकार झाला. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये ग्राहक संस्था काढली, तीच पुढे अपना बाजार म्हणून ओळखली गेली. कोल्हापूरकडे वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात वारणा बाजार उभा राहिला. खेडेगावात एवढं मोठं दुकान, हे तेव्हा नवल होतं.

सत्तरचं दशक म्हटलं की आमच्या आज्या दुष्काळच सांगतात. १९७२ साल. खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या, त्या थापताना तुटायच्या. त्याच काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, पण तेल, साखर, रॉकेल आणि धान्य रास्त भावात मिळावं यासाठी एकत्र. इकडे आपल्या बाया खडीवर, तिकडे त्या मोर्चात, आणि दोन्हीकडे प्रश्न चुलीचाच होता.

१९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी त्यामागे होते, गायक सुधीर फडकेही या कामात होते. तिची रीत आम्हाला फार आवडली. एका वस्तीतल्या घरांनी संघ करायचा, महिन्याची यादी आणि पैसे आधी द्यायचे, माल ठरलेल्या दिवशी एका घरी उतरणार आणि बायकांनीच तो वाटून घ्यायचा. दुकानच नाही! दुकान नाही म्हणून भाडं नाही, दिवे नाहीत, आणि येता-जाता हाताला लागणाऱ्या चादरी नाहीत.

मग आजचं मार्ट कुठून आलं? २००२ मध्ये राधाकिशन दमाणी यांनी मुंबईत पवईला पहिलं डी-मार्ट काढलं. त्याआधी त्यांनी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती. म्हणजे गिरणी कामगारांच्या दुकानातून धंद्याचा धडा गेला तो शेअर बाजारातल्या व्यापाऱ्याकडे. हे वाचून आम्हाला थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. स्वस्त विकायची युक्ती जादूची नाही. शक्यतो जागा भाड्याने न घेता स्वतःची घ्यायची, कंपन्यांना पैसे लवकर देऊन भाव पाडून घ्यायचा, रोज खपणारा मालच जास्त ठेवायचा आणि उधार द्यायचंच नाही. म्हणजे रॉचडेलचा रोखीचा नियम इथेही आहे. फक्त वर्षअखेरीचा नफा आपल्याकडे येत नाही.

आणि आजी म्हणाल्या ते "दुकानच तसं बांधलेलं" अमेरिकेतून आलं. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स याने पिगली विगली नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाईकाने स्वतः माल उचलायचा, ही पद्धत तिथे रुळली. आत जायला एक फिरतं दार, आणि सगळ्या रांगांतून फिरल्याशिवाय पैसे द्यायच्या जागेपर्यंत पोचता येत नसे. हातातली टोपली जड झाली की बाया खरेदी थांबवायच्या, म्हणून १९३७ मध्ये ओक्लाहोमाच्या सिल्व्हन गोल्डमन याने चाकांची गाडी आणली. आधी कोणी ती हात लावायला तयार नव्हतं. तेव्हा त्याने पगारी माणसं ठेवून त्यांना दुकानात गाडी ढकलत फिरायला लावलं! आमच्या त्या अकरा जणींपैकी एकीनेही टोपली घेतली नव्हती. सगळ्यांनी ट्रॉल्या घेतल्या होत्या.

भारतात गर्दी कशी जमते हे २६ जानेवारी २००६ ला दिसलं. बिग बाजारने सर्वात स्वस्त दिवस जाहीर केला आणि गर्दी एवढी लोटली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. तो बिग बाजार पुढे कर्जात बुडाला आणि २०२२ मध्ये त्याच्या दुकानांना टाळी लागली. मोठं दुकानही उधारीने बुडतं.

आता हिशोबाचं. आम्ही चार जणींनी तीन ठिकाणचे भाव वहीत उतरवले. मार्ट, गल्लीतलं किराणा दुकान आणि नगरची दाळमंडई. साखर, तेल, साबण मार्टमध्ये खरंच स्वस्त होतं. डाळी आणि तांदूळ मात्र पोत्याने घेतले तर दाळमंडईत कमी पडले. एमआरपीवर इतके रुपये सूट असं लिहिलेलं असतं, त्याने आम्ही हुरळतो. पाकिटावर सगळे कर धरून कमाल किंमत छापायची सक्ती १९९० पासून आली. ही जास्तीत जास्त किंमत आहे, त्याच्या वर कोणी घेऊ नये म्हणून. खरा भाव तोच असतो असं नाही. पुष्कळदा गल्लीतला दुकानदारही एमआरपीपेक्षा कमीच घेतो. म्हणून सूट बघू नका, किलोचा भाव काढा. आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही खोटं. शाम्पूच्या पुड्या मिलीच्या हिशोबाने कितीदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, करून बघा. टेम्पोचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी धरायला आम्ही स्वतःच विसरलो होतो, ते दुसऱ्या बैठकीत धरलं.

हातावर पोट असलेल्या बाईला मार्टचा भाव मिळतच नाही, हे त्या वहीतून उघड झालं. महिन्याचं सामान एकदम भरायला हातात एकदम पैसे लागतात. ती रोज पावशेर तेल घेते आणि जास्त भाव देते. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजुरी बंद होती तेव्हा आमच्यातल्या निम्म्या घरांची चूल गल्लीतल्या किराणावाल्याच्या उधारीवर पेटली. वही जाळणाऱ्यांच्या जिल्ह्यात राहून आम्ही हेही सांगतो. फरक इतकाच की आता ती वही आमच्या मुली वाचतात आणि महिन्याला बेरीज ताडून बघतात.

दंडाचा विषय आम्ही सोडून दिला. त्या ताईंच्या फीला कमी पडलेले १२५० गटाने पुन्हा दिले, पाच हप्त्यांत २५० प्रमाणे. संक्रांतीपासून तूरडाळ, हरभराडाळ आणि तांदूळ आम्ही एकत्र घेतो. पैसे आधी जमा करतो, दोघी जणी दाळमंडईत जातात, पोतं नागरदेवळ्याला एका ताईंच्या ओट्यावर उतरतं. पहिल्या खेपेला डाळीत खडे निघाले आणि वाटपात पाऊण किलो कमी भरली. मग गटाच्या पैशातून वजनकाटा घेतला आणि आता पोतं व्यापाऱ्यासमोरच उघडून बघतो. तेल आणि साबणासाठी दोन महिन्यांतून एकदा मार्टला जातो, पण चारच जणी जातात, अकरा जणींच्या याद्या आणि मोजलेले पैसे घेऊन. ट्रॉली एकच घेतो.

पुढची डाळ या महिन्याच्या ५ तारखेला यायची आहे. दरेवाडीच्या दोन गटांनी नावं दिली आहेत. त्यांच्याकडे काटा नाही, म्हणून आमचाच रिक्षातून न्यायचा ठरलंय.