लिंगोत्थानदोष : निदान-चाचण्या
दोषाचे मूळ मनात की रक्तवाहिन्यांत, याचा निवाडा करण्यासाठी 1980 च्या सुमारास निजताना शिश्नाभोवती टपाल-तिकिटांचे कडे चिकटवीत आणि सकाळी ते छिद्ररेषेवर तुटलेले आढळल्यास, झोपेत ताठरता येते म्हणून, दोष बहुधा मानसिक ठरवीत. युक्ती स्वस्त खरी. परंतु तिकीट कूस पालटतानाही फाटते आणि ताठरतेचे मान त्यातून कळत नाही. त्यामानाने ताठरता आणणारे औषध शिश्नात टोचून केलेली रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी अधिक बोलकी : धमनीतील आकुंचनकालीन कमाल वेग सेकंदाला 25 सेंमी.हून कमी भरल्यास रक्तपुरवठा अपुरा, आणि तो पुरेसा असूनही प्रसरणकालीन वेग 5 सेंमी.हून अधिक राहिल्यास नीलांतून गळती, असे अनुमान निघते. मात्र रुग्ण भयभीत वा संकोचलेला असल्यास हेच आकडे फसवे ठरतात. याखेरीज 1997 मध्ये प्रसिद्ध झालेली पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे; ती दोषाची तीव्रता मोजते, कारण सांगत नाही.