गाळ एकदा येतो, सांडपाणी रोज येतं

सुट्टीत काय करणार असं विचारलं, की हल्ली काही मुलं सांगतात, "नदी साफ करायला चाललोय." आठ-दहा दिवस राहायचं, सकाळी घमेली-फावडी घेऊन पात्रात उतरायचं, प्लास्टिक आणि जलपर्णी काढायची, काठावर झाडं लावायची नि परत यायचं. श्रमदान आपल्याला परिचयाचं आहे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत मे महिन्याच्या उन्हात राबून आलेले काहीजण इथेही बसले असतील. पण सुट्टी काढून परमुलखात राबायला जायचं, ही कल्पना आली कुठून? आणि नदीला तिचा उपयोग किती?

सुरुवात पहिल्या महायुद्धानंतरची. पिएर सेरेसोल हे स्विस इंजिनिअर. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, आणि मुलगा लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाणारा! 1920 साली त्यांनी फ्रान्समध्ये वर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात लहानशी तुकडी नेली. तीत जर्मन स्वयंसेवकही होते. कालच्या शत्रूने पाडलेली घरं त्याच देशाच्या माणसांनी उभी करायची, असा विचार. जखमा ताज्या होत्या, जर्मन माणसं तिथे खपली नाहीत, आणि काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. पण यातूनच पुढे 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली.

नदीशी गाठ पडली ती लिख्टेनश्टाइनमध्ये. सप्टेंबर 1927 मध्ये ऱ्हाइनने बांध फोडला आणि त्या चिमुकल्या देशाची शेतं गाळ-दगडांखाली गेली. 1928 साली निरनिराळ्या देशांतून सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. त्यांनी गाळ उपसला, शेतं मोकळी केली. हे काम सुट्टीच्या मापाचं होतं, हे ध्यानात ठेवा. पूर एकदा आला होता. माणसं येत होती, काही आठवडे राबून जात होती, आणि उपसलेला गाळ दुसऱ्या दिवशी परत येत नव्हता.

मग जानेवारी 1934. बिहारचा भूकंप. सेरेसोल भारतात आले. भूकंपाने जमीन खालीवर झालेली, त्यामुळे काही गावं पुराच्या तोंडी आली होती. ती उंचावर नव्याने वसवण्याचं काम मुझफ्फरपूर भागात झालं. युरोपातून आलेली माणसं मोजकीच होती. बाकी हात तिथल्याच लोकांचे. काम पुरं व्हायला काही वर्षं लागली. म्हणजे इथे सुट्टीचं माप अपुरं पडू लागलं होतं.

आता पंजाबात येऊ. काली बेईं ही साधारण 160 किलोमीटरची छोटी नदी. होशियारपूर जिल्ह्यात उगम पावते, हरिकेच्या पाणथळीकडे जाते. सुलतानपूर लोधी इथे गुरू नानक याच नदीत उतरले आणि तीन दिवसांनी बाहेर आले, अशी शीख परंपरा. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिच्यात गावांचं नि शहरांचं सांडपाणी आणि वर जलपर्णी. 2000 साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा सुरू केली. आसपासच्या गावांतली माणसं पाण्यात उतरली, हातांनी जलपर्णी ओढू लागली, काठ बांधू लागली. 2006 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम हे काम पाहायला स्वतः तिथे गेले.

पण जलपर्णी काढून भागत नाही. ती सांडपाण्यावरच पोसते. पाइप तसाच राहिला, तर ती पुन्हा माजणार. म्हणून सीचेवालांच्या माणसांनी मोर्चा गावांकडे वळवला. सांडपाणी नळांतून तळ्यांत न्यायचं, तिथे निवू द्यायचं, आणि ते शेताला द्यायचं. नदीत सोडायचंच नाही. जिथे हे झालं नाही, तिथून घाण येतच राहिली. नदी स्वच्छ झाल्याचा गाजावाजा झाल्यानंतरही बेईंत मासे मेल्याच्या बातम्या आल्या आहेत.

आता मला काय म्हणायचंय ते सांगतो. ऱ्हाइनकाठी गाळ एकदा आला होता. बेईंत घाण रोज येते. पहिल्याला सुट्टी पुरते, दुसऱ्याला पुरत नाही. आणि धोका असा, की आपण दहा दिवस राबून काठ चकाचक करतो, फोटो निघतात, आणि ज्याने नाल्याचं पाणी शुद्ध करायला हवं होतं तो निर्धास्त होतो. त्याचं काम आपण फुकटात झाकलेलं असतं.

म्हणून जाऊ नका का? जरूर जा. पाण्यात उतरल्याशिवाय पाइप कुठून येतो हे कळत नाही. तेवढं कळणं हीसुद्धा छावणीची मोठी कमाई आहे. फक्त निघताना गावातल्या कुणाला तरी विचारा: आम्ही गेल्यावर इथे रोज कोण येणार आहे? आणि तो पाइप बंद करायला कुणाच्या दारात जायचं ठरलंय? उत्तर मिळालं, तर पुढच्या सुट्टीत पुन्हा जा. नाही मिळालं, तर पुढची सुट्टी ते शोधण्यात घालवा.