खजुराची निगा : अमिरातीतील कसबी काम

अल ऐनच्या मरूद्यानांत खजुराची निगा राखणारा कामगार ‘हाबूल’ हा दोर खोड व कंबरेभोवती गुंफून, त्यावर पाठ टेकून चढतो. वाळलेल्या झावळ्या उतरवणे, काटे काढणे, नरफुलांचा पराग मादीफुलांवर घालणे, घड बांधणे ही त्याची वर्षभराची कामे. आंब्याच्या खोडावरील जखम कालांतराने नव्या सालीने झाकली जाते. खजुराची कधीच भरत नाही. शेंड्याचा एकमेव कोंब दुखावला, की खोड मरते. ताज्या जखमेच्या वासाने कोकणातील माडांनाही पोखरणारा लाल सोंड्या भुंगा येतो. म्हणून हिरवी झावळी विनाकारण कापत नाहीत. फळे पिकतात ती ऐन उन्हाळ्यात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हातील कामास कायद्याने मनाई आहे. युनेस्कोने २०१९ मध्ये खजुराशी निगडित ज्ञान व कौशल्यांना अमूर्त वारशाचे स्थान दिले.