धन्वंतरी महालातील शस्त्र आणि वेदना

तंजावरच्या मराठी राज्याचा विषय निघाला की सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ सालचा शिलालेख आणि तेथील मराठी नाटके आपणांस आठवतात. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या धन्वंतरी महालाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच वळते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. या सक्तीच्या अवकाशाचे महाराजांनी सोने केले, असेच आम्ही म्हणू. धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य उपचार शेजारी शेजारी पारखले गेले आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने बांधले गेले.

१८२७ च्या सुमाराची नेत्ररुग्णांची टिपणे हे या उद्योगाचे सर्वांत बोलके अवशेष होत. रोग्याची हकीकत, त्यावरील उपचार आणि बिघडलेल्या डोळ्याची रंगीत चित्रे त्यांत आहेत. राजवाड्यात रोग्याची अशी लेखी नोंद ठेवली जावी, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे.

या टिपणांपुढे एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. त्या काळी मोतीबिंदूवर शस्त्र चाले ते जागत्या रोग्याच्या डोळ्यावर. बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला तो १८४६ साली, महाराजांच्या निधनानंतर चौदा वर्षांनी. क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये आले. डोळा बधिर करण्यासाठी कोकेन तर १८८४ मध्ये वापरात आले. मग रोग्याने सोसले कशाच्या आधारे?

आपल्या परंपरेत या वेदनेचा विचार मुळीच नव्हता, असे नाही. शस्त्रकर्मापूर्वी मद्य द्यावे, आणि शस्त्राने उठलेल्या तीव्र वेदनेवर ज्येष्ठमध घातलेल्या कोमट तुपाचे सिंचन करावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. शस्त्रानंतरच्या वेदनेस त्याने स्वतंत्र उपचार दिला, हे आम्हांस विशेष वाटते. भूल सापडल्यावर वैद्यक काही काळ या बाबतीत निर्धास्त झाले. रोगी शुद्धीवर आल्यावर कण्हतो, हे जणू गृहीतच धरले गेले. आता मात्र शून्य ते दहा या मापात वेदना किती, हे रोग्यालाच विचारून कागदावर नोंदवितात. छेदापूर्वीच वेदनाशामक देतात, मज्जातंतू बधिर करतात.

तंजावरच्या मोडी कागदांपाशी मोडी जाणणारा आणि शस्त्रक्रिया जाणणारा असे दोघे एकत्र बसले पाहिजेत. अफू किती दिली, तूप कोणते वापरले, रोगी रात्री झोपला की नाही, एवढेच त्यांनी आधी शोधावे.