बर्टनचं जिप्सम, नाथसागराचं पाणी

अमेरिकेतला माझा भाचा गॅरेजमध्ये बीअर करतो. तिथल्या 1978 सालच्या केंद्रीय कायद्यापासून घरापुरती बीअर करायला मुभा आहे. नळाच्या पाण्याचा रिपोर्ट पाठवून तो विचारतो, "मामा, जिप्सम किती टाकू?" मी वाळूजच्या एका ब्रूअरीच्या लॅबमधून निवृत्त झालो, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. ग्रॅमचा हिशेब मी करून देतो. पण पाण्यात जिप्सम टाकायची रीत आली कुठून, हे त्याने कधी विचारलं नाही.

आमचं गाव करमाड, जालना रोडवरचं. काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे, त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी झिरपताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवतं आणि बायकार्बोनेट घेऊन विहिरीत उतरतं. घरात त्याचा अर्थ एवढाच, की शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ गळत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बंबाला आतून पांढरा थर धरतो. आई डाळीत चिमूटभर सोडा टाकायची. बीअरवाल्याला नेमकं उलट्या दिशेला जायचं असतं. माल्टचा भरडा गरम पाण्यात भिजवला की पीएच 5.2 ते 5.6 च्या दरम्यान बसावा लागतो, तरच स्टार्चची साखर नीट होते. बायकार्बोनेट जास्त असलं की पीएच खाली येत नाही आणि सालीचा तुरटपणा बीअरमध्ये उतरतो.

पूर्वी जसं पाणी तशी बीअर. डब्लिनचं पाणी आमच्या विहिरीच्याच जातीचं. तिथे भाजक्या माल्टची काळी बीअर जमली, कारण भाजक्या दाण्याची आंबटाई त्या पाण्याला पुरून उरते. पिल्सनच्या पाण्यात क्षार नावालाच, तिथे 1842 मध्ये सोनेरी लागर झाली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम होतं, म्हणून हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी जहाजातून येणारी पेल एल तिथे झकास उतरायची. मग 1878 मध्ये विन्सेंट नावाच्या रसायनतज्ज्ञाने जिप्सम घालून बर्टनसारखं पाणी कुठेही करायची युक्ती सांगितली. चांगली विहीर शोधत हिंडायची गरज तिथे संपली. पीएचची मोजपट्टीही बीअरवाल्यांच्याच लॅबमधली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी ती 1909 मध्ये मांडली. त्याच कार्ल्सबर्गचा कारखाना आज आमच्या जिल्ह्यात आहे.

आमच्याकडे लोक छातीठोकपणे सांगतात, की औरंगाबादचं पाणी बीअरला मानवतं म्हणून इथे इतक्या ब्रूअरी आल्या. मला हे कधीच पटलं नाही. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकीला हे शहर वसवलं आणि नहर-ए-अंबरीने जमिनीखालून पाणी खेळवलं. ती कारागिरी थोरच, पण तेवढ्यावर कारखाने चालले नसते. कारखान्यांना मिळालं ते जायकवाडीचं पाणी. त्या धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण 1976 मध्ये इंदिरा गांधींनी. धरणामागच्या नाथसागराचं पाणी पाइपाने एमआयडीसीत आलं आणि ब्रूअरी त्या पाइपामागे आल्या. पाण्याच्या गुणाचं बघायला आम्ही होतोच.

म्हणजे काय, तर सकाळच्या शिफ्टला 50 मिली पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, अमोनियाचा बफर घालायचा, एरिओक्रोम ब्लॅक टीचे दोन-तीन थेंब टाकायचे. पाणी तांबडं होतं. ब्यूरेटमधून ईडीटीए सोडत जायचं. जांभळट छटा दिसली की तोटी आवळून थेंबावर यायचं. एखाद्या थेंबात रंग एकदम स्वच्छ निळा होतो. त्या वाचनावरून हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, काढायचा. शेजारी अल्कलिनिटीचं, म्हणजे बायकार्बोनेटचं, वाचन लिहायचं आणि मग आरओचं पाणी किती, कॅल्शियम क्लोराइड किती, फॉस्फोरिक ॲसिड किती ते ठरवायचं. क्लोरीन आधीच कार्बन फिल्टरमध्ये काढलेला हवा. राहिला तर बीअरला दवाखान्याचा वास मारतो. नवी पोरं हे सगळं मशीनवर करतात. मला ब्यूरेटच भरवशाचा वाटतो.

2016 च्या उन्हाळ्यात मात्र हार्डनेसचा आकडा कोणी विचारत नव्हतं. जायकवाडीचा जिवंत साठा संपला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगितली. 10 मेपासून ती 60 टक्क्यांवर गेली. एक लिटर बीअरमागे साधारण चार-पाच लिटर पाणी लागतं, त्यातलं बरंचसं धुण्यातच जातं. माझी भाकरी त्याच पाण्यावर होती, तरी सांगतो, आदेश योग्यच होता.

भाच्याचे फोटो बघून गावातली पोरं मला घरच्या बीअरची कृती विचारतात. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा गुन्हा आहे. पाणी तपासायला मात्र परवाना लागत नाही. तुमच्या विहिरीचं, बोअरचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. दुसरं पाणी नसेल तर हार्डनेस लिटरमागे 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर त्या पाण्यात तान्ह्या लेकराचं दूध कालवू नका.