विंडसॉकचे माप : कापडी शंकूमागचा हिशेब

विमानतळाच्या मोकळ्या कडेला खांबावर लावलेला विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि त्याच्या वेगाचा ढोबळ अंदाज दाखवणारी, दोन्ही टोकांना उघडी असलेली निमुळती कापडी नळी, हे विमानवाहतुकीतले बहुधा सर्वांत साधे साधन आहे. परंतु ही नळी किती लांब असावी आणि तिचे तोंड किती रुंद असावे, हा प्रश्न तितका साधा नाही. वारा जितका जोरदार तितका विंडसॉक मोठा, असा तर्क कोणीही सहज करील. प्रत्यक्षात रूढ झालेली मापे तपासली, तर ती वाऱ्याच्या जोरापेक्षा वैमानिकाचा डोळा त्या कापडापासून किती अंतरावर असतो, या एका गोष्टीशी अधिक घट्ट बांधलेली आढळतात.

वाऱ्याने फुगणारी कापडी नळी ही कल्पना विमानांहून फार जुनी आहे. रोममधील ट्रेजनच्या स्तंभावर डेशियन योद्ध्यांची सर्पमुखी निशाणे कोरलेली आहेत, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियन या ग्रीक लेखकाने घोडदळाच्या कवायतींचे वर्णन करताना अशाच, वाऱ्याने भरणाऱ्या रंगीत कापडी निशाणांची नोंद केली आहे. तथापि या निशाणांचे काम दिपवण्याचे आणि ओळख पटवण्याचे होते. त्यांच्याकडे पाहून कोणाला कोन मोजायचा नव्हता, म्हणून त्यांच्या मापाला नियमाची गरजही पडली नाही.

ती गरज विमानांनी निर्माण केली. विमान हवेच्या आधाराने तरंगते, त्यामुळे त्याला किमान वेग लागतो तो हवेच्या संदर्भात. समोरून येणारा वारा त्यातील काही भाग आपोआप पुरवतो आणि जमिनीवरचा वेग तेवढा कमी होतो. समजा एखादे विमान ४० नॉट वेगाने उतरत असेल (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) आणि समोरून १० नॉटचा वारा वाहत असेल, तर चाके जमिनीला ३० नॉट वेगाने टेकतात, तोच वारा पाठीमागून असला तर ५० नॉटने. हलक्या विमानांच्या आणि तोकड्या मैदानांच्या काळात हा फरक सुखरूप उतरणे आणि कुंपणात घुसणे यांतला होता. त्या काळातील अनेक विमानतळ म्हणजे ठरावीक धावपट्टी नसलेली गवताळ मैदाने असत, जिथे वाऱ्याकडे तोंड करून कोणत्याही दिशेने उतरता येई, आणि म्हणून धूर, निशाण, जमिनीवर मांडलेले पांढरे टी-आकाराचे चिन्ह किंवा विंडसॉक यांपैकी काहीतरी वरून दिसणे अत्यावश्यक होते.

मुंबईचा जुहू विमानतळ १९२८ साली सुरू झाला तो याच युगात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी रेडिओ नव्हता; जमिनीवरून वारा सांगणारा आवाज नसला की जमिनीवरच्या खुणांवाचून गत्यंतर नसते. आज रेडिओवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा आकड्यांत कळते, तरीही विंडसॉक अनिवार्यच राहिला आहे आणि ते योग्यच आहे, कारण रेडिओवरून मिळतो तो कोणीतरी मोजून सांगितलेला वारा, तर विंडसॉकवर दिसतो तो त्या क्षणाचा.

१९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने विमानतळांविषयीचे चौदावे परिशिष्ट १९५१ साली स्वीकारले. या परिशिष्टाच्या शिफारशीनुसार वातदिशादर्शक कापडी शंकूछेदाच्या, म्हणजे टोक कापलेल्या शंकूच्या, आकाराचा असावा, त्याची लांबी किमान ३.६ मीटर आणि मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर असावा, आणि रंग असे असावेत की तो किमान ३०० मीटर उंचीवरून स्पष्ट दिसावा व समजावा. दोन रंग वापरायचे झाल्यास पाच आलटते पट्टे असावेत आणि पहिला व शेवटचा पट्टा गडद असावा, असेही त्यात सांगितले आहे. हे आकडे मेट्रिक असले तरी त्यांचे मूळ फुटांत आहे, हे सहज ओळखू येते: ३.६ मीटर म्हणजे जवळजवळ १२ फूट, ०.९ मीटर म्हणजे ३ फूट, ३०० मीटर म्हणजे हजार फुटांच्या आसपास. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या विनिर्देशातील मोठ्या विंडसॉकचे माप तर आजही १२ फूट लांबी आणि ३६ इंच व्यास असेच दिले जाते.

यातील ३०० मीटरचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे. ३.६ मीटर लांबीची वस्तू ३०० मीटरवरून पाहिली असता डोळ्याशी सुमारे ४१ कलांचा कोन करते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि निकोप मानवी डोळा साधारण एका कलेपर्यंतचा तपशील वेगळा करू शकतो. आडवा ताणलेला विंडसॉक त्या उंचीवरून पौर्णिमेच्या चंद्रबिंबापेक्षा थोडा लांब दिसतो आणि त्याचा प्रत्येक पट्टा सुमारे आठ कलांचा भरतो. विंडसॉक आहे एवढे समजायला याहून पुष्कळ लहान आकार पुरला असता. त्याचे निमुळते टोक कोणीकडे आहे आणि किती पट्टे ताणले गेले आहेत, हे ओझरत्या नजरेतही कळण्यासाठी मात्र एवढी लांबी हवी. मुळात तो सापडावा म्हणून खांबाभोवती १५ मीटर व्यासाचे आणि १.२ मीटर रुंद पट्टीचे, शक्यतो पांढरे वर्तुळ आखण्याची शिफारस आहे.

हाच हिशेब हेलिपोर्टच्या मापांत पुन्हा भेटतो. जमिनीवरील हेलिपोर्टसाठी लांबी २.४ मीटर आणि मोठा व्यास ०.६ मीटर सांगितला आहे, तर दिसण्याची अट २०० मीटर उंचीची आहे. ३.६ भागिले ३०० आणि २.४ भागिले २०० यांचे उत्तर एकच येते. म्हणजे हेलिकॉप्टरचा वैमानिक जितका जवळून पाहतो, तितक्याच प्रमाणात कापड आखूड झाले आहे. इमारतींवरील हेलिपोर्ट आणि समुद्रातील तेलफलाटांवरील हेलिडेक यांच्यासाठी मात्र १.२ मीटर लांबी आणि ०.३ मीटर व्यास चालतो. तिथे जागाच इतकी अपुरी असते की मोठा विंडसॉक स्वतःच अडथळा ठरावा. जुहूहून मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचे वैमानिक अशाच फलाटांवर उतरतात. पोलादी सांगाड्यांमुळे तिथली हवा घुसळलेली असते, म्हणून उतरण्याच्या जागेवरील वारा असा विस्कळीत होत असेल, तर तिच्याजवळ जादा दर्शक लावण्याची सूचना आहे.

या तिन्ही मापांत लांबी व्यासाच्या चौपट आहे, आणि या सातत्यामुळे एक लाभ होतो. तोंडावर येणारा वाऱ्याचा जोर तोंडाच्या क्षेत्रफळावर आणि कापडाचे वजन त्याच्या पृष्ठफळावर अवलंबून असते. आकाराचे प्रमाण तेच ठेवले तर दोन्ही सारखेच वाढतात किंवा घटतात, त्यामुळे त्याच वजनाच्या कापडाचे लहान आणि मोठे विंडसॉक एकाच वाऱ्यात साधारण सारखेच उचलले जातात. कॅनडाच्या नियमांत १५ नॉटला विंडसॉक आडवा, १० नॉटला आडव्या रेषेखाली ५ अंश आणि ६ नॉटला ३० अंश असावा, असे सांगितले आहे. पंधरा नॉटच्या पुढे तो काहीच वेगळे सांगू शकत नाही. प्रमाण मोडले, जाड कापड वापरले किंवा पावसाने कापड भिजून जड झाले, तर हे कोन खोटे बोलू लागतात; कापड जड झाले की वारा आहे त्यापेक्षा मंद भासतो. कोकणासारख्या प्रदेशात म्हणूनच लांबीइतकाच विचार पाणी न शोषणाऱ्या कापडाचा व्हायला हवा.

रासायनिक कारखान्यांत विंडसॉकचे प्रयोजन बदलते. तिथे वायुगळती झाल्यास कामगाराने वाऱ्याला आडव्या दिशेने बाहेर पडायचे असते आणि तो विंडसॉक जमिनीवरून, शे-दोनशे मीटरवरून, अनेकदा टाक्या आणि नळ्यांच्या आडून पाहत असतो. अशा ठिकाणी विमानतळाचे माप जसेच्या तसे उचलण्यापेक्षा आवाराच्या प्रत्येक भागातून निदान एक विंडसॉक दिसेल, अशा रीतीने दीड-दोन मीटरचे अनेक विंडसॉक छपरांच्या भोवऱ्यांपासून पुरेशा उंचीवर लावणे अधिक हिताचे ठरते, आणि रात्रपाळी असेल तिथे त्यांवर दिवाही हवा.