शरीररचनाशास्त्र : शाखा आणि अभ्यासपद्धती

मानवी शरीरातील अवयवांची ठेवण, घडण आणि परस्परसंबंध यांचा अभ्यास करणारे शास्त्र. नुसत्या डोळ्यांनी दिसते ते स्थूल शारीर, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते सूक्ष्म शारीर. गर्भातील घडण भ्रूणविज्ञानात येते. मेंदू व मज्जातंतूंचा पसारा इतका मोठा, की त्यांची शाखाच वेगळी झाली.

या साऱ्याचा पाया शवविच्छेदन. ‘सुश्रुतसंहिते’च्या शारीरस्थानात त्याची रीत सांगितली आहे. शव गवताने किंवा सालींनी गुंडाळून पिंजऱ्यात घालावे, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतला एकेक थर पाहावा. युरोपात मात्र गेलेनने जनावरे कापून काढलेले निष्कर्ष शतकानुशतके माणसाला लावले गेले. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, हे त्याचे मत वेसेलियसने १५४३ च्या ग्रंथात खोडून काढले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ साली शवविच्छेदन करणारे मधुसूदन गुप्त हे मूळचे आयुर्वेदाचे पंडित होते, हे आवर्जून नोंदवायला हवे.

सूक्ष्म शारीरात ऊतकाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवतात. नेहमीच्या रंगद्रव्यांनी पेशीकेंद्र निळे-जांभळे आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो.

जिवंत शरीर हातानेही वाचता येते. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारणपणे चौथ्या कटिमणक्यावरून जाते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो. म्हणून पाठीतले पाणी काढताना डॉक्टर आधी ही रेषा चाचपतात आणि मगच सुई घालतात.

राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. पुढे आलेल्या एमआरआयने मऊ ऊतकेही स्पष्ट दिसू लागली. तरीही शवविच्छेदनाला पर्याय नाही. दंडातली धमनी पुस्तकातल्या चित्रात कोपरापाशी दुभागते, पण काही माणसांत ती वर दंडातच दुभागलेली असते. असे फरक विद्यार्थ्याच्या हाताखालून गेले, तरच पुढे शस्त्रक्रियेत त्याचा हात सावध राहतो.

१९४९ च्या कायद्याने महाराष्ट्रात बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली. पण विद्यार्थ्यांची गरज केवळ बेवारसांवर सोडणे योग्य नाही. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. तो भरावा आणि आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवावी, कारण शेवटी देह पोचवायचा असतो तो त्यांनीच.